कामधंदा सांभाळून पदवी

आम्ही कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या बाजूला, एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक दिवस आमचा एक जुना विद्यार्थी शाळेत आला. वय एकतीस. दहावी पास. खोपोलीकडे एका कारखान्यात कामाला. घरी बायको, दोन मुले, म्हातारी आई. त्याला शाळेच्या दाखल्याची नक्कल हवी होती. नक्कल हातात पडल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, एक विचारू का? मला पुढं शिकायचंय. काम न सोडता कॉलेज करता येतं का?”

आम्ही हसलो. म्हणालो, “अरे, आता तुझ्या मुलांनी शिकायचं. तू कुठं शिकत बसतोस? संसार बघ.”

तो गप्प झाला आणि निघून गेला.

आम्ही चुकलो होतो. काम न सोडता पदवी घेता येते, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही असे सांगायची लाज वाटली. मास्तर माणसाने “मला माहीत नाही, विचारून सांगतो” एवढे म्हटले असते, तरी त्या माणसाचे पुढचे नुकसान टळले असते. ते नुकसान काय झाले ते पुढे सांगू. आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. उशिरा का होईना, द्यायला हवे.

मुक्त विद्यापीठ म्हणजे काय?

नेहमीच्या कॉलेजात रोज जावे लागते. हजेरी लागते. दिवसा कारखान्यात किंवा शेतात असलेल्या माणसाला ते जमत नाही. कामकरी माणसाने शिकायचे कधी, हा प्रश्न जुनाच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती याच कारणाने. दिवसभर खपणाऱ्याला रात्रीच वेळ असतो.

तीच गोष्ट पुढे विद्यापीठांनी केली. इंग्लंडात लंडन विद्यापीठाने 1858 साली असा नियम केला की कुठेही राहून अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे. कॉलेजात नाव घातलेच पाहिजे असे नाही. आपल्या देशात पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादला 1982 साली निघाले. 1985 साली दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले. आणि 1989 साली आपल्या महाराष्ट्रात, नाशिकला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदवाक्य. त्याची पुष्कळ पुस्तके मराठीत आहेत. आपल्यासारख्यांना ही मोठीच सोय झाली.

मुक्त म्हणजे मोकळे. याचा अर्थ परीक्षा नाही असा नाही, बरं का! परीक्षा आहेच. मोकळीक आहे ती वेळेची आणि जागेची. पुस्तके घरी वाचायची. विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे ठिकठिकाणच्या कॉलेजांत असतात. तिथे बहुधा सुट्टीच्या दिवशी शिकवणी होते, तिला संपर्कसत्र म्हणतात. अडलेले तिथे विचारायचे. घरून गृहपाठ लिहून द्यायचे. मग ठरलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची.

श्रेयांक म्हणजे काय?

आता मुख्य गोष्ट. कामकरी माणसाला सगळ्यात मोठी भीती कसली असते? एका विषयात नापास झालो तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, ही. पूर्वी वर्षाचे सगळे विषय एकदम द्यायचे. एक राहिला की वर्ष गेले. रात्रपाळी करून दिलेली परीक्षा, आणि निकाल हा असा! माणूस परत त्या वाटेला जात नसे.

आता पदवीची मोजणी श्रेयांकांनी करतात. इंग्रजीत त्याला क्रेडिट म्हणतात. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे माप. जसे भात मापाने मोजतो, तसा अभ्यास श्रेयांकाने मोजतात. एका विषयाला चार किंवा सहा श्रेयांक ठरलेले असतात. तो विषय सुटला की तेवढे श्रेयांक तुमच्या नावावर जमा.

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. कर्जतच्या संशोधन केंद्रात तयार झालेले ‘कर्जत-3’ हे भात पुष्कळांनी लावले असेल. भात आपण एका दिवसात घरी आणत नाही. आज या खाचरातले कापले, झोडले, कणगीत ओतले. उद्या दुसऱ्या खाचरातले. एका खाचराला पाऊस लागला म्हणून कणगीत पडलेले भात कोणी परत शेतात नेऊन टाकत नाही. श्रेयांकांचे तसेच आहे. पाच विषय दिले, तीन सुटले, दोन राहिले. सुटलेल्या तिघांचे श्रेयांक जमा राहतात. राहिलेले दोनच पुन्हा द्यायचे.

तीन वर्षांच्या पदवीला आता कमीत कमी 120 श्रेयांक लागतात. 2020 साली नवे शैक्षणिक धोरण आले. त्यानुसार 40 श्रेयांकांना प्रमाणपत्र, 80 ना पदविका, 120 ना पदवी आणि 160 ना चार वर्षांची ऑनर्स पदवी, अशा पायऱ्या आखल्या आहेत. मधल्या पायरीवर थांबायचे झाले तर काही अटी असतात, त्या केंद्रावर विचाराव्या. पण अर्ध्यावर थांबलेल्याच्या हातीही काही पडावे, हा विचार त्यात आहे.

2021 साली सरकारने श्रेयांकांची बँकही काढली. पैशाच्या बँकेत जसे खाते असते, तसे विद्यार्थ्याचे खाते. मिळालेले श्रेयांक त्यात लिहिले जातात. मध्ये शिक्षण थांबले, गाव सुटले, तरी खाते राहते. मात्र श्रेयांक साधारण सात वर्षेच चालतात. कणगीतल्या भातालाही फार वर्षे झाली की कीड लागते, तसेच समजा. दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल, तर तुमचे किती श्रेयांक धरायचे हे तिथले लोक ठरवतात. म्हणून आधी विचारावे, मग बदलावे.

अमेरिकेत याच्याही पुढे गेले आहेत. तिथे 1967 पासून अशा परीक्षा आहेत की वर्गात न बसता, घरी शिकून परीक्षा द्यावी. पास झाले की जे कॉलेज त्या परीक्षा मानते ते श्रेयांक देते. आपल्याकडे नुसत्या अशा परीक्षांवर पूर्ण पदवी मिळत नाही. पण 2017 साली भारत सरकारने ‘स्वयम्’ नावाचे शिक्षण सुरू केले आहे. फोनवर धडे फुकट ऐकायचे. परीक्षा द्यायची असेल तरच फी भरायची. आपल्या विद्यापीठाने मान्य केलेला विषय असेल, तर त्याचे श्रेयांक पदवीत धरता येतात. मात्र सगळी पदवी त्यावर होत नाही. अशा श्रेयांकांना मर्यादा आहे, शंभरात चाळीसपर्यंत.

वेळ किती लागतो?

कोणी म्हणेल, “गुरुजी, हे सगळं खरं. पण वेळ कुठून आणू?” चला, हिशेबच करू.

मुक्त विद्यापीठात एका श्रेयांकाला साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात. वाचणे, लिहिणे, गृहपाठ, सगळे त्यात आले. 120 श्रेयांकांचे झाले 3,600 तास. आकडा ऐकून घाबरू नका. हे तास तीन वर्षांत वाटले, तर रोजचे सव्वातीन तास होतात. कामावर जाणाऱ्याला ते जड आहे. पण दिल्लीचे मुक्त विद्यापीठ तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करू देते. सहा वर्षांत वाटले, तर रोजचा एक तास चाळीस मिनिटे अभ्यास होतो.

कर्जतहून मुंबईला लोकलने जायला सुमारे दोन तास. जाऊन येऊन चार. रोज गाडीने जाणारी आपल्याकडची किती माणसे आहेत! गाडी कर्जतहूनच सुटते, म्हणून इथे चढणाऱ्याला बसायला जागा मिळते. त्या चार तासांतला दीड तास पुस्तकाला दिला, तर अभ्यास गाडीतच होतो. पत्त्यांचा डाव काही पळून जात नाही.

पाळीवर काम करणाऱ्याचे गणित वेगळे. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास होत नाही. डोळे मिटतात. त्या आठवड्यात हट्ट करू नये. पहिल्या पाळीच्या आठवड्यात भरून काढावे. शेतकऱ्याने लावणीच्या दिवसांत पुस्तक बांधून ठेवावे. दिल्लीच्या विद्यापीठाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये पेरणीची घाई. डिसेंबरपर्यंत आपले भात घरी आलेले असते. ज्याची शेती आहे त्याने डिसेंबरला जास्त विषय घ्यावेत. सगळे विषय एकदम दिलेच पाहिजेत अशी सक्ती नाही.

बायकांचा वेळ सगळ्यात अवघड. बाहेरचे काम, घरचे काम, मुले. ज्या घरातली बाई शिकते आहे, त्या घरात संध्याकाळचा एक तास चूल दुसऱ्या कोणी पाहिली पाहिजे. नुसते “शीक” म्हणून भागत नाही.

आपण कोणत्या पायरीवर आहोत?

हे पुस्तक वाचणारे सगळे एका पायरीवर नाहीत. कोणी नुकतेच वाचायला शिकले आहे. कोणाची शाळा चौथीत सुटली, कोणाची नववीत. म्हणून जिना खालून सांगतो.

‘उल्लास’ या साक्षरतेच्या कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या माणसांना लिहा-वाचायला शिकवतात. त्याची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. ही पहिली पायरी.

पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एन.आय.ओ.एस. म्हणतात. तिच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवी यांच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत. मग दहावी आणि बारावी. दहावीला मराठी माध्यमही आहे. दहावीला आणि बारावीला पाच-पाच विषयांत पास व्हायचे. एकदा नाव घातले की पाच वर्षे चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येते. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. सुटलेला विषय सुटला. कोणी दुसऱ्या मंडळाच्या परीक्षेत नापास झाला असेल, पण दोन विषय सुटले असतील, आणि गोष्ट फार जुनी नसेल, तर ते दोन विषय इथे धरून घेतात.

आपल्या राज्य मंडळाचीही वाट आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. जवळच्या हायस्कुलात चौकशी करावी.

दहावी, बारावी, मग पदवी हा क्रम सोडू नये. मधली पायरी चुकवून वर चढलेल्याला पुढे नोकरीच्या वेळी खाली उतरावे लागते.

फसू नका

आता त्या विद्यार्थ्याची राहिलेली गोष्ट.

आमच्याकडून तो गेला, पण शिकायची इच्छा त्याच्या मनातून गेली नाही. दोन वर्षांनी कारखान्यात वरची जागा निघाली. तिला पदवी हवी होती. काम त्याला सगळे येत होते. नव्या मुलांना तोच शिकवायचा. पण कागद नव्हता. तेव्हा त्याला एक माणूस भेटला. तो म्हणाला, “एका वर्षात पदवी काढून देतो. परीक्षेची काळजी नको.” ह्याने आईची बोरमाळ गहाण ठेवली आणि पैसे दिले. काही महिन्यांनी एक झकास कागद आला. सोनेरी शिक्का, वर परराज्यातल्या विद्यापीठाचे नाव. कचेरीत तपास झाला. असे विद्यापीठच नव्हते. जागा गेली, पैसे गेले. आणखी एक गेले, माणसांतली पत. चार लोक म्हणू लागले, “खोटा कागद आणला.” त्याने तो खोटा म्हणून आणला नव्हता. पण हे कोणाकोणाला सांगणार?

हे आम्हाला कळले तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने आम्हाला चहा दिला. दोष दिला नाही. म्हणाला, “गुरुजी, मला काय ठाऊक? तुम्हीच नाही म्हणालात, मग जो हो म्हणाला त्याच्याकडं गेलो.”

ते वाक्य आम्हाला अजून टोचते.

म्हणून पैसे भरण्याआधी या गोष्टी पाहाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यू.जी.सी., कोणत्या विद्यापीठाला घरी बसून शिकवायची परवानगी आहे याची यादी काढतो. खोट्या विद्यापीठांचीही यादी काढतो. दोन्ही याद्या त्याच्या वेबसाइटवर असतात. आपले नाव पहिल्या यादीत आहे ना, दुसऱ्या यादीत नाही ना, हे पाहावे. नुसते विद्यापीठ पाहून भागत नाही. आपण घेतो तो अभ्यासक्रम या वर्षी मान्य आहे का, तेही पाहावे. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाकडून पाहून घ्यावे. फी विद्यापीठाच्याच खात्यात भरावी आणि पावती जपावी. कोणा माणसाच्या हातात रोख देऊ नये. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देतो म्हणणारा, परीक्षेला यायला नको म्हणणारा, तुमच्याऐवजी दुसरा पेपर लिहील म्हणणारा, हे तिघेही चोर. त्यांच्या ओट्यावरही बसू नये.

आणखी एक लक्षात ठेवावे. सगळ्याच पदव्या अशा घरी बसून होत नाहीत. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, परिचारिका यांचे शिक्षण तिथे जाऊनच घ्यावे लागते. घरी बसून इंजिनिअर करतो असे कोणी सांगितले, तर तिथेच रामराम करावा.

पदवीचा उपयोग काय?

खरे ते सांगतो. पदवी मिळाली म्हणजे नोकरी घरी चालत येते, असे नाही. पदवीचे कागद घेऊन हिंडणारी तरुण मुले आपण पाहतोच. पण काही दारे अशी आहेत की कागद नसेल तर ठोठावताही येत नाहीत. तलाठ्याच्या जागेला पदवी लागते. लोकसेवा आयोगाच्या पुष्कळ परीक्षांना पदवी लागते. अशा जागांना वयाचीही अट असते, ती आधी पाहून घ्यावी. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे यू.जी.सी.च्या 2020 सालच्या नियमांत आहे. “ही बाहेरून केलेली पदवी” म्हणून कोणी नाक मुरडले, तर हा नियम दाखवावा.

दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला यांनी बी.ए.चा अभ्यास टपालाने पुरा केला. पुढे त्यांना सत्तावीस वर्षे कैदेत काढावी लागली. तिथेही त्यांनी अभ्यास सोडला नाही. 1989 साली, कैदेत असतानाच, त्यांना कायद्याची पदवी मिळाली. तेव्हा त्यांचे वय सत्तर झाले होते. नोकरीसाठी त्यांनी ती घेतली असे कोण म्हणेल?

आम्ही स्वतः मॅट्रिक. तेवढ्यावर शिक्षकाचे शिक्षण घेतले, नोकरी लागली, मुख्याध्यापक झालो, निवृत्त झालो. पदवी नाही म्हणून आमचे पोट अडले नाही. म्हणूनच की काय, दुसऱ्याचे अडलेले आम्हाला दिसले नाही.

त्या विद्यार्थ्याबरोबर दुसऱ्या वेळी आम्ही स्वतः केंद्रावर गेलो. रांगेत उभे राहिलो. यादी पाहिली, फॉर्म भरला, पावती घेतली. आधी त्याने बारावी केली. पाच विषयांना अडीच वर्षे लागली. एक विषय दोनदा द्यावा लागला. मग पदवीला नाव घातले. आज त्याचे वय एकेचाळीस आहे. एकशेवीसपैकी बहात्तर श्रेयांक जमा झाले आहेत. अठ्ठेचाळीस राहिले आहेत. कारखान्यातली ती जागा केव्हाच दुसऱ्याला गेली, ती काही परत यायची नाही. पण त्याची थोरली मुलगी या वर्षी बारावीला आहे. संध्याकाळी दोघे एकाच दिव्याखाली बसतात. कधी बाप मुलीला विचारतो, कधी मुलगी बापाला.

गेल्या महिन्यात तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला. ती आठवीत शाळा सोडलेली. तो म्हणाला, “गुरुजी, हिला दहावीला बसायचंय. काय करावं लागेल?”

या वेळी आम्ही हसलो नाही. डोळ्यांना चष्मा लावला आणि फॉर्म मागवला.